पाठीला ओळंबा

शुद्धीवर आल्याबरोबर ओळंबासाहेबांनी सर्जनना पहिला प्रश्न विचारला, "सळई कितीची वापरलीत?"

अशा वेळी माणूस पाणी मागतो, निदान बायको कुठे आहे एवढं तरी विचारतो. पण सव्वीस वर्षं बांधकाम तपासनीस म्हणून घालवलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. भिंत सरळ आली की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला पितळेचं वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा साहेबांच्या पिशवीत कायम असायचा. हॉटेलात चहा येईपर्यंत ते खांबाला लावून बघत. लग्न ठरल्यावर सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या दाराची चौकट दीड सूत बाहेर असल्याचं नम्रपणे कळवलं होतं. सासऱ्यांनी ती चौकट शेवटपर्यंत बदलली नाही, पण जावयाला मात्र त्या दाराने कधी बोलावलं नाही. मागच्या दाराने या म्हणायचे.

सर्जन माणूस थट्टेखोर होता. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कमरेचे खालचे दोन मणके एकमेकांवरून घसरत होते. पाठ न फाडता, चार छोट्या चिरांतून त्यांनी चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवल्या होत्या, आणि मणक्यांच्या मधल्या फटीत एक लहानसा पिंजरा. आता त्या पिंजऱ्यात हाड भरायचं आणि दोन मणक्यांचा मिळून एक व्हायचा.

"किती दिवस लागतात?" साहेबांनी विचारलं.

"सहा महिने तरी धरा."

"पाणी मारावं लागतं का?"

"नाही. चालावं लागतं," सर्जन म्हणाले. "वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, जड उचलायचं नाही. बाकी रोज चालायचं, रोज थोडं वाढवायचं. याच्याशिवाय दुसरं औषध नाही."

या चालण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. लग्न झाल्यापासून साहेब आणि त्यांची बायको रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊन परत यायचे. गेल्या दोन वर्षांत त्या रस्त्याला कात्री लागत गेली. आधी टाकीऐवजी औषधांचं दुकान, मग दुकानाऐवजी इमारतीचं फाटक, आणि शेवटी फाटकाच्या आतला बाक. "बसू इथेच, हवा छान आहे," असं बायको म्हणायची. ती हे इतक्या सहजपणे म्हणायची की साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. टाकीपर्यंत हिच्याबरोबर पुन्हा एकदा जायचं, एवढ्यासाठी ते त्या टेबलावर आडवे झाले होते. दवाखान्याच्या फॉर्मवर 'शस्त्रक्रियेकडून अपेक्षा' या रकान्यात त्यांनी 'पाण्याच्या टाकीपर्यंत' एवढंच लिहिलं होतं. ते वाचून एका ज्युनियर डॉक्टरने त्यांची लघवीची तपासणी दोनदा करून घेतली.

घरी आल्यावर पहिले दिवस बरे गेले. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदम वळले पाहिजेत, ओंडका वळतो तसं, हे नर्सने बायकोला शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे सकाळी बेडरूममधून "एक, दोन, तीन, ओंडका!" असा हुकूम निघायचा आणि साहेब वळायचे. आयुष्यभर ज्या माणसाच्या एका शेऱ्याने आठ-आठ मजले अडून राहिले, त्याला बायकोच्या शब्दावर ओंडका व्हावं लागतं, हे त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारलं. ते बाहेरही जाऊ लागले. आधी फाटक, मग दोन इमारती, मग चार. बायको बरोबर असायची. नवव्या दिवशी औषधांचं दुकान लांबून दिसलं, आणि परत येताना बायको गुणगुणत होती.

आणि दहाव्या दिवशी शिलाईवाल्या मावशी आल्या.

या तळमजल्यावरच्या. कमरेच्या पट्ट्यावरून घालता येतील असे दोन सैल शर्ट त्यांनी शिवून आणले होते. शर्ट अंगावर चढवून त्यांनी मागून हात फिरवला, तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाल्या, "साहेब, डावा खांदा जरा खाली वाटतो हो."

"वाटतो म्हणजे किती?"

"वाटतो म्हणजे वाटतो. सगळ्यांचाच कुठला ना कुठला असतो. माझ्याकडे आजवर एक माणूस सरळ आलेला नाही. मी शर्ट असा बेतते की कळत नाही. आत्ता बेतू का?"

साहेबांनी शर्ट काढून ठेवला. दुसऱ्याच्या चुकीवर आपल्या घरात पांघरूण घालून घ्यायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. मावशी जिना उतरायच्या आत त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला.

"फक्त एकदा बघू," ते बायकोला म्हणाले. आजवर जगात जेवढे घोटाळे झाले त्यातले निम्मे तरी याच तीन शब्दांनी सुरू झाले असावेत.

उजेड चांगला हवा आणि वर दोरी बांधायला काहीतरी हवं, म्हणून गॅलरी निवडली गेली. कपडे वाळत घालायच्या दांडीला ओळंबा बांधला. साहेब उघड्या पाठीने दोरीकडे पाठ करून उभे राहिले. मानेपासून कमरेपर्यंत एकेका मणक्यावर बायकोने निळ्या स्केचपेनने ठिपका द्यायचा, वरच्या ठिपक्यावरून दोरी सोडायची आणि खालचा ठिपका दोरीपासून किती सरकलाय ते पट्टीने मोजायचं, अशी कामाची रूपरेषा होती.

"हलू नका. गुदगुल्या झाल्या तरी हलू नका."

"मी हललेलो नाही. दोरी स्थिर होऊ दे. श्वास दुसरीकडे सोड."

समोरच्या इमारतीत एकेक खिडकी उघडू लागली. उघडाबंब तपासनीस, मागे दोरी, आणि त्याची बायको त्याच्या पाठीवर ठिपके काढतेय, हे दृश्य रोज दिसणारं नव्हतं. वरच्या गॅलरीतून निवृत्त प्राचार्यांनी मान बाहेर काढली.

"काय हो, नक्षी काढताय?"

"तपासणी चालू आहे," साहेब मान न वळवता म्हणाले. मान वळवायची बंदी नव्हती, पण तेवढं काटेकोर राहिलेलं बरं.

बायकोने पट्टी लावली. "अकरा."

"सेंटिमीटर?"

"मिलिमीटर. सेंटिमीटर असते तर तुम्ही आत्ता कठड्याबाहेर असता."

अकरा मिलिमीटर! दहा फुटी भिंतीला पाचाच्या पुढे एक मिलिमीटर ते चालवून घेत नसत, आणि ही पाठ उणीपुरी दीड फुटाची. दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी जागच्या जागी काम थांबवण्याची नोटीस चिकटवली असती. त्या संध्याकाळी ते फिरायला गेले नाहीत. "काम सदोष असताना दर्शनी भाग लोकांना दाखवायचा नसतो," असं त्यांनी कारण दिलं. बायकोने चपला घातल्या होत्या, त्या तिने पुन्हा काढून ठेवल्या.

"डॉक्टरांना फोन करा ना."

"आधी नोंदी. नोंदी नसल्या की समोरचा नाही म्हणायला मोकळा."

फ्रीजच्या दारावर आलेखाचा कागद लागला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीनदा मापं सुरू झाली. अकरा, अकरा, बारा, अकरा. बारा आलं तेव्हा बायकोला शिंक आली होती, तशी तळटीप आहे. तीन दिवसांत इमारतीत कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. लिफ्टमध्येसुद्धा लोक साहेबांच्या बायकोला "कितीवर आहेत?" असं विचारू लागले, ताप विचारावा तसं.

मग सल्ल्यांचा पूर आला. डाव्या कुशीवर झोपा, असं एकजण म्हणाले. पाकीट उजव्या खिशात ठेवा, असं दुसरे, आणि त्यात वजन पडण्यासारखं काय आहे हे बायकोने विचारल्यावर त्यांना घरचं काम आठवलं. प्राचार्य रोज खाली येऊन सोफ्यावर बसत. माणसाचं शरीर ही पहिल्यापासूनच एका बाजूला झुकलेली वस्तू आहे, हृदय डावीकडे, यकृत उजवीकडे, असं व्याख्यान देऊन ते दोन कप चहा घेत आणि कोणताही ठोस उपाय न सांगता वर जात. शिलाईवाल्या मावशींनी पायजम्याचा एक पाय जरासा आखूड करून द्यायची तयारी दाखवली. दिसण्यात येणार नाही, ही त्यांची हमी होती.

उपाय शेवटी साहेबांना स्वतःलाच सुचला, आणि धंद्यातूनच सुचला. कपाट एका बाजूला कललं की आपण काय करतो? पायाखाली पाचर मारतो. औषधांची रिकामी खोकी घरात ढिगाने पडली होती. त्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी डाव्या चपलेत एक थर घातला. गॅलरीत माप घेतलं. आठ! दुसऱ्या थराला सहा. तिसऱ्याला तीन. चौथा थर घालून ते उभे राहिले, बायकोने पट्टी लावली आणि म्हणाली, "शून्य."

साहेबांना कृतकृत्य वाटलं. "पुन्हा बघ."

"शून्य. दोरी ठिपक्यावरच आहे."

त्या दिवसापासून ती चप्पल पायातून निघेना. फक्त आंघोळ आणि झोप या दोन गोष्टींना सूट होती. फ्रीजवरच्या आलेखाची रेघ तळाला जाऊन सपाट झाली आणि साहेब तिच्याकडे येताजाता बघत. फिरायला जायचं मात्र त्यांनी आठवडाभर लांबवलं. सात दिवस सलग शून्य आलं की दाखला, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठीही मोडला नव्हता. तोवर चालणं घरातल्या घरात, हॉलपासून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरापासून गॅलरी. संध्याकाळी बायको एकटी खाली जायची. गॅलरीतून त्यांना ती दिसायची. टाकीकडे जायच्या ऐवजी ती फाटकाच्या आतल्या बाकावरच बसायची. एकटीने टाकीपर्यंत काय जायचं, असं तिचं म्हणणं.

पाचव्या दिवशी उजव्या मांडीत कळ आली.

साहेब भिंतीला धरून उभे राहिले. हीच ती जागा. हीच ती कळ, कमरेतून निघून मांडीतून खाली उतरणारी, जिने त्यांना टाकीवरून बाकावर आणून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी गेलीच नाही. आता मात्र साहेब घाबरले. स्क्रू ढिला झाला असेल, पिंजरा सरकला असेल, पुन्हा ते टेबल, पुन्हा तो भुलीचा मास्क, आणि दुसऱ्यांदा केलेलं काम पहिल्यासारखं कधीच होत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांनी हे बायकोला सांगितलं नाही. पण ते गॅलरीपर्यंत गेले नाहीत आणि सकाळचं माप राहिलं, तेव्हाच तिला कळलं.

"उठा. दवाखान्यात जायचंय."

"अर्ज लिहितो."

"अहो, अर्ज कसला? पाय दुखतोय तुमचा!"

"तोंडी तक्रारीला पुरावा नसतो," साहेब म्हणाले आणि कळ सोसत लिहायला बसले. विषय: पाठीच्या रेषेतील विचलनाबाबत. सोबत: आकृती एक, आलेख एक, मापांचा तक्ता दोन पाने.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तक्रार जेवणाची की खोलीच्या भाड्याची?"

"पाठीची."

"पाठीचा फॉर्म नाही आमच्याकडे. जेवण, खोली, स्वच्छता, पार्किंग. यातलं काय लिहू?"

"इतर लिहा."

"इतर असेल तर तीन प्रती लागतात. आणि आकृतीवर सही नाहीये." मग त्याने चष्म्यावरून नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "साहेब, तुम्ही! ओळखलं नाहीत? आमच्या जिन्याच्या कठड्यासाठी मी तुमच्याकडे अकरा खेटे घातले होते. चार बोटं कमी पडला म्हणून. बसा ना, बसा. गर्दी नाहीये आज."

साहेब बसले. म्हणजे, उभे राहिले, कारण त्यांना बसवत नव्हतं. सव्वीस वर्षांत आपल्या खिडकीसमोर किती माणसं अशी एका पायावर भार देऊन उभी राहिली असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि तो काही सुखाचा नव्हता. बायकोने मात्र विचारबिचार केला नाही. ती खिडकीवरून थेट सर्जनच्या खोलीत शिरली आणि सर्जनना बाहेर घेऊनच आली.

उभ्याने एक्स-रे निघाला. अनवाणी, सरळ, हात पुढे. सर्जननी तो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ बघितला. साहेबांनी बायकोचा हात धरला होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"स्क्रू जागच्या जागी. पिंजरा जागच्या जागी. आणि रेषा..." सर्जननी आकृती एक आणि एक्स-रे शेजारी शेजारी धरले. "रेषा सरळ आहे. मी तर म्हणतो, फार सुंदर आहे."

"मग अकरा मिलिमीटर?"

"ते मला माहीत नाही. इथे नाहीत. पाय कशाने दुखतोय ते बघू. आमच्या व्यायामवाल्या बाई उद्या तुमच्या घरी येतील."

व्यायामवाल्या बाई आल्या त्या बगलेत एक भलामोठा निळा चेंडू घेऊन. पुढे केव्हातरी त्यावर बसायचं असतं म्हणे. प्राचार्य सोफ्यावर होतेच. मावशी पायजमा घेऊन आल्या होत्या. "कुठे मोजता तुम्ही?" बाईंनी विचारलं. साहेबांनी अभिमानाने गॅलरी दाखवली, दोरी दाखवली, ठिपके दाखवायला शर्टही वर केला. बाईंनी हात मोकळे करायला चेंडू गॅलरीत जमिनीवर ठेवला.

चेंडू क्षणभर थांबला. मग कोणीही हात न लावता हळूहळू निघाला, साहेबांच्या पायांसमोरून गेला आणि कोपऱ्यातल्या पाणी जायच्या जाळीपाशी जाऊन टेकला.

बाईंनी तो उचलून परत आणला आणि ठेवला. तो पुन्हा गेला.

"उतार आहे," बाई म्हणाल्या.

"असणारच!" प्राचार्य सोफ्यावरून ओरडले. "साहेबांनीच करायला लावला! इमारत बांधून तयार होती. बिल्डरने ठेवला तेवढा उतार यांना पुरेना. सगळ्या गॅलऱ्यांच्या फरश्या उखडून पुन्हा बसवायला लावल्या. तीन महिने आम्ही किल्ल्या हातात घेऊन रस्त्यावर!"

साहेब जाळीकडे बघत होते. डावा पाय नेहमी जाळीच्या बाजूला असायचा. ओळंबा खोटं बोलत नाही, पण ज्यावर उभं राहून मोजायचं ती जमीन आधी बघावी, हा धडा गवंडीकामाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. बाईंनी त्यांची डावी चप्पल मागितली. चिमटीने एकेक पुठ्ठा बाहेर काढला आणि टेबलावर रचला. चार थर. दोनांवर 'मुलांपासून दूर ठेवा' असं छापलेलं होतं.

"म्हणजे तुम्ही गॅलरीपुरते सरळ झालात," बाई म्हणाल्या, "आणि बाकी सगळीकडे हा पाय वर उचलून वाकडे चालत राहिलात. दुखेल नाही तर काय होईल? हे आधी टाका. आणि घराबाहेर चाला."

"मी म्हटलं होतं," मावशी पायजम्याची घडी घालत म्हणाल्या, "मी बेतून देते."

इतकी वर्षं जपलेली अब्रू अशी एका निळ्या चेंडूने घालवली. संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये लोकांना फक्त हसू दाबायचं काम उरलं. साहेबांनी फ्रीजवरचा आलेख काढला, नीट घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. टाकताना वाकता येत नसल्याने तो बाहेर पडला, आणि उचलून पुन्हा बायकोनेच टाकला. ती तेव्हाही हसली नाही. ती हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

चार दिवसांत कळ गेली. पाचव्या दिवशी फाटक, मग औषधांचं दुकान, आणि त्यानंतर आठवड्याभराने एका संध्याकाळी दोघं दुकानाच्या पुढे गेली. टाकी आता फार लांब नव्हती. साहेबांचं चालणं अजून बेताचं होतं आणि बायकोला जुन्या वेगाची आठवण झाली असावी. ती बोलता बोलता पाच-सात पावलं पुढे निघून गेली. साहेबांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तिचा उजवा खांदा खाली होता. पिशवी डाव्या हातात असूनही उजवा खांदा खाली. दोन बोटं तरी. त्यांच्या नजरेला दोरी लागत नव्हती, आणि हा रस्ता सपाट होता.

दोन वर्षं ते याच खांद्यावर हात टाकून चालत होते. नुसता हात नाही, जिना चढताना, बाकावरून उठताना, रस्ता ओलांडताना, अर्धा भार तिच्यावर देऊन. ती एकदाही म्हणाली नाही की जड होतंय. आणि मध्यंतरी कितीतरी दिवस साहेब स्वतःची पाठ दिवसातून तीनदा मोजून घेत होते, तिच्याकडून. त्यांना इतकी लाज वाटली की ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

ती वळली. "काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"मग काय बघताय असं? माझं काही वाकडं आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा ओळंबासाहेबांनी दोष दिसत असताना शेरा मारला नाही. ते तिच्यापाशी गेले, नेहमीची बाजू सोडून तिच्या डावीकडे आले आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. रिकामीच होती.

"इकडून का आज?" तिने विचारलं.

"तिकडून दोन वर्षं टेकलो मी तुझ्यावर."

दोघं चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर तिने आपला हात त्यांच्या दंडात घातला आणि म्हणाली, "टाकीपाशी जरा बसू या हं. मला दम लागतो हल्ली. तुम्हाला सांगितलं नव्हतं."